निकी लाउडा : वेगाचा हिशेब

मोटार शर्यतीच्या चालकाला वेग हवाच, यात शंका नाही. परंतु वेगवान चालक दरवर्षी नव्याने पुढे येतात आणि त्यांतील फारच थोडे या व्यवसायात दहा वर्षे टिकतात, तेव्हा टिकून राहण्याचे कारण वेगाखेरीज आणखी एखाद्या गुणात शोधावे लागते. पैसा, यंत्र, प्रतिस्पर्धी आणि स्वतःचा जीव यांचा हिशेब एकाच वेळी मांडता येणे हा तो गुण होय, आणि ऑस्ट्रियाच्या निकी लाउडाइतका (1949–2019) तो फॉर्म्युला वनच्या इतिहासात क्वचितच कोणात दिसतो.

व्हिएन्नातील धनाढ्य उद्योजक घराण्यात जन्म होऊनही घरचा पैसा त्याच्या उपयोगी पडला नाही, कारण आजोबांचा या नादाला सक्त विरोध होता. संघात जागा मिळवण्यासाठी चालकाने स्वतः किंवा पुरस्कर्त्यांमार्फत रक्कम आणण्याची पद्धत तेव्हाही होती आणि आजही आहे. लाउडाने आयुर्विमा तारण ठेवून बँकेचे कर्ज काढले आणि 1972 साली मार्च या ब्रिटिश संघात जागा विकत घेतली. गाडी निकृष्ट निघाली, वर्षभरात एकही गुण पदरी पडला नाही आणि कर्ज मात्र डोक्यावर राहिले. पुढच्या वर्षी बीआरएम संघातर्फे मोनाकोच्या अरुंद रस्त्यांवर त्याने ज्या कौशल्याने गाडी चालवली ते इटलीच्या फेरारी संघाचे प्रमुख एन्झो फेरारी यांच्या नजरेत भरले, आणि 1974 पासून तो फेरारीचा झाला.

फेरारीत त्याने केलेले खरे काम शर्यतीच्या दिवशी दिसणारे नव्हते. मारानेल्लोजवळ कंपनीचा फिओरानो हा स्वतःचा चाचणीमार्ग होता. तेथे तासन्‌तास फेऱ्या मारून गाडी कोणत्या वळणावर, ब्रेक सोडताना की अॅक्सिलरेटर दाबताना बिघडते हे तो अभियंता माउरो फोर्गिएरी यांना नेमकेपणाने सांगत असे. वळणावर पुढच्या चाकांची पकड सुटून स्टिअरिंग फिरवल्यावरही गाडी बाहेरच्या बाजूला सरकत राहते, त्या दोषाला ‘अंडरस्टिअर’ म्हणतात. त्यावर स्प्रिंगा, पंख आणि टायरांतील हवा यांत बारीक फेरफार करून उपाय शोधणे म्हणजे ‘सेट-अप’. 1975 च्या ‘312 टी’ या गाडीत गिअरबॉक्स आडवा बसवून वजन मध्याकडे आणले गेले, आणि पाच शर्यती जिंकून लाउडा त्या वर्षी विश्वविजेता झाला.

जर्मनीतील न्यूर्बुर्गरिंगचा जुना मार्ग सुमारे 23 किलोमीटरचा आणि डोंगरजंगलातून जाणारा होता. 1975 मध्ये तेथे सात मिनिटांच्या आत फेरी मारणारा लाउडाच 1976 साली त्या मार्गावर शर्यत होऊ नये असे म्हणत होता, कारण एवढ्या लांबीवर आग विझवणारे आणि डॉक्टर वेळेत पोहोचणे अशक्य होते. चालकांच्या मतदानात त्याची सूचना फेटाळली गेली. 1 ऑगस्टच्या त्या शर्यतीत दुसऱ्याच फेरीत त्याची गाडी बांधावर आदळून पेटली, आणि तिच्यातून त्याला ओढून काढले ते मागून आलेल्या मेर्त्सारियो, एडवर्ड्स, लंगर आणि एर्टल या चालकांनी. चेहरा भाजला होता, विषारी वायूने फुफ्फुसे होरपळली होती, रुग्णालयात पाद्र्याने मरणोन्मुखासाठीची प्रार्थनाही उरकली होती. तरीही सहा आठवड्यांनी, जखमांवरच्या पट्ट्या रक्ताने भिजत असताना, तो इटलीतील मोंझा येथे चौथा आला. भीती वाटलीच नाही असे त्याने कधी भासवले नाही. भीती ओळखून तिच्यासह गाडी चालवणे हे त्याच्या लेखी कामच होते.

त्याच वर्षी 24 ऑक्टोबरला जपानमधील फुजी येथे मोसमाची अखेरची शर्यत झाली, तेव्हा अजिंक्यपदाचा प्रतिस्पर्धी जेम्स हंट याच्यापेक्षा तो तीन गुणांनी पुढे होता. पाऊस असा कोसळत होता की पुढच्या गाडीच्या फवाऱ्यापलीकडे काही दिसत नव्हते, आणि भाजलेल्या पापण्यांमुळे लाउडाचे डोळे नीट मिटत नव्हते. दोन फेऱ्यांनंतर तो गाडीतून उतरला. इंजिन बिघडल्याचे सांगण्याची तयारी फोर्गिएरींनी दाखवली, पण लाउडाने ती सबब नाकारून खरे कारण स्वतःच्या नावावर घेतले. हंट तिसरा आला आणि एका गुणाने विश्वविजेता झाला. या निर्णयाला भ्याडपणा म्हणणारे तेव्हा थोडे नव्हते. परंतु जिवाचा धोका किती पत्करायचा हे ठरवण्याचा अधिकार संघाचा वा प्रेक्षकांचा नसून चालकाचा आहे, हे इतक्या मोठ्या किमतीवर सिद्ध करणे कोणत्याही विजयाहून कमी मोलाचे नाही.

1977 चे अजिंक्यपद घेऊन त्याने फेरारी सोडली, 1979 मध्ये निवृत्ती पत्करून विमानकंपनी काढली आणि 1982 मध्ये मॅकलारेनतर्फे परत येऊन तिसरीच शर्यत जिंकली. 1984 च्या मोसमात मात्र संघातील अॅलन प्रॉस्ट त्याच्यापेक्षा उघडपणे वेगवान होता. लाउडाला त्या वर्षी एकदाही ‘पोल’, म्हणजे सर्वांत वेगवान सरावफेरीमुळे मिळणारी पहिली जागा, मिळाली नाही. पण त्याच वर्षी शर्यतीच्या मध्ये इंधन भरण्यास बंदी आली होती आणि टाकीला 220 लिटरची मर्यादा होती, त्यामुळे प्रत्येक फेरीत इंजिनाकडून किती मागायचे हे चालकालाच ठरवावे लागे, आणि तेथे पस्तिशीतला लाउडा सरस ठरला. पावसामुळे अर्ध्यातच थांबलेल्या मोनाकोच्या शर्यतीत प्रॉस्टला नऊऐवजी साडेचार गुण मिळाले होते. पोर्तुगालमधील एस्तोरिल येथे शेवटच्या शर्यतीत प्रॉस्ट पहिला आला. अकराव्या जागेवरून सुटलेला लाउडा शांतपणे एकेक गाडी मागे टाकत दुसरा आला, आणि त्याला तेवढेच हवे होते. प्रॉस्टचे विजय सात, लाउडाचे पाच, गुण 71.5 आणि 72. अर्ध्या गुणाने मिळालेले हे तिसरे अजिंक्यपद आधीच्या दोहोंपेक्षा श्रेष्ठ मानावे लागते, कारण ते सर्वांत वेगवान नसलेल्या चालकाने मिळवले.