उठलेली पंगत

एखादे मासिक बंद पडले या बातमीचे आपल्याकडे कुणाला फारसे नवल वाटत नाही. 'सत्यकथा' 1982 साली बंद झाले तेव्हा मी नुकता चालायला लागलो होतो. पण आमच्या घरी त्याची आठवण गेलेल्या वडीलधाऱ्या माणसासारखी काढीत. माळ्यावर जुन्या अंकांचे गठ्ठे होते. दर दिवाळीच्या साफसफाईला आई ते रद्दीत घालण्याचा विषय काढी आणि वडील तो तत्परतेने बदलीत. तेव्हा नियतकालिकांचे सुतक पाळण्याची सवय मला लहानपणापासूनची. मात्र ज्याचे सुतक मी सर्वांत जास्त दिवस पाळले ते मराठी नव्हते, मुळात कागदावरचेही नव्हते, आणि त्यात ज्या खेळांवर लिहून येई त्यांतला एकही मी उभ्या जन्मात खेळलो नाही. त्याचे नाव 'ग्रँटलंड'.

अमेरिकेतल्या ईएसपीएन या क्रीडावाहिनीने ते 8 जून 2011 रोजी इंटरनेटवर सुरू केले आणि 30 ऑक्टोबर 2015 रोजी, एका शुक्रवारी, बंद केले. एवढ्या वयात आपल्याकडे मूल बालवाडीत जाते.

नाव होते ग्रँटलंड राइस या जुन्या क्रीडालेखकावरून. हा गृहस्थ 1880 साली जन्मला नि 1954 साली वारला. 1924 च्या ऑक्टोबरात नोत्र दाम विद्यापीठाच्या फुटबॉल संघाने लष्करी अकादमीचा 13–7 असा पराभव केला, तेव्हा मैदानावरच्या चार पोरांना त्याने बायबलातल्या प्रलयाच्या चार घोडेस्वारांची उपमा दिली, आणि ती त्यांना जन्माची चिकटली. अलंकारांच्या तासाला मी हे उदाहरण वर्गात देतो. मुले विचारतात, "सर, हे सिलॅबसमध्ये आहे का?" नाही, नाही. पण उपमा कशी चिकटते ते यातून कळते, आणि सिलॅबसमधल्या उदाहरणांतून ते कळतेच असे नाही.

संपादक होते बिल सिमन्स. बॉस्टनचा हा लेखक पत्रकारांच्या कक्षातून नव्हे, तर प्रेक्षकांत बसून लिहिल्यासारखा लिही, आणि त्यासाठीच त्याचे नाव झाले होते. त्याने भोवती जी माणसे जमवली ती मात्र नाना जातींची. बास्केटबॉलचे डावपेच उकलून सांगणारे झॅक लो होते. वेस्ली मॉरिस हे 2012 साली चित्रपटसमीक्षेचे पुलित्झर पारितोषिक मिळवून पुढच्या वर्षी इथे आले. ब्रायन फिलिप्स यांना कशावर लिहायला सांगितले आहे हे त्यांना तरी आधी ठाऊक असे की नाही, देव जाणे. शिवाय साऱ्यांना तळटीपांचा भारी सोस. तळटीपेचा उपयोग वात्रटपणासाठीही होतो हे मी प्रथम तिथे पाहिले.

माझ्यासारख्या मराठीच्या मास्तराची या मंडळींशी ओळख कशी झाली? तर भाच्यामुळे. बहीण न्यू जर्सीत असते. तिचा मुलगा तिथेच जन्मला, तिथेच वाढला. दर रविवारी सकाळी आमचा फोन व्हायचा, तिकडे शनिवारची रात्र असे. "जेवलास का?" "हो मामा." "अभ्यास कसा चाललाय?" "बरा." एवढ्यावर मामाभाच्याचे नाते उभे होते. मग 2013 च्या वसंतात त्याने मला झॅक लो यांचा एक लेख धाडला आणि म्हणाला, "मामा, यात भुतं आहेत. तू वाच."

खरोखरच भुते होती! टोरोंटोच्या संघाने मैदानाच्या छताला कॅमेरे लावून प्रत्येक खेळाडूची हालचाल टिपली होती. मग संगणकाच्या पडद्यावर खऱ्या खेळाडूंच्या जोडीला दुसरे ठिपके हलवले. बचाव करणारा गडी या क्षणी खरे तर कुठे असायला हवा होता, ते ठिपके दाखवीत. म्हणजे प्रत्येक माणसामागे त्याचे आदर्श रूप धावते आहे आणि माणूस सतत त्याच्या दोन पावले मागे! आमच्या कॉलेजात बास्केटबॉलचे मैदान आहे. त्यावर स्नेहसंमेलनाचा मांडव पडतो, एवढाच माझा त्या खेळाशी संबंध. पण तो लेख मी दोनदा वाचला आणि पुढच्या रविवारी आम्ही पाऊण तास बोललो. हळूहळू पोराला वाद घालायला मराठी शब्द कमी पडू लागले नि तो ते मागून घेऊ लागला. 'उपमा' हा केवळ न्याहारीचा पदार्थ नव्हे, हे त्याला राइसच्या घोडेस्वारांमुळे समजले.

पुढच्या वर्षी फिलिप्स यांचा सुमो कुस्तीवरचा लेख आला. लेखक जपानला जातो हाकुहो या महान मल्लाला पाहायला. आखाड्यातले मीठ उधळणे, ते अवाढव्य देह, क्षणात निकालात निघणारी झुंज, सारे पाहतो. आणि पाहता पाहता त्याचे मन भलतीकडेच वळते. युकिओ मिशिमा या कादंबरीकाराने 1970 च्या नोव्हेंबरात टोकियोत जपानी सेनेच्या तळावर पोट चिरून घेतले, तेव्हा ज्या अनुयायाने रिवाजाप्रमाणे त्याचे शिर उडवले, त्याच्या शोधात हा निघतो. कुस्तीचा लेख साहित्याच्या दारात केव्हा पोहोचला ते कळतही नाही. भाचा कुस्तीसाठी वाचायला बसला होता आणि मी मिशिमासाठी. वाचून उठलो तेव्हा त्याने मिशिमाचे पुस्तक मागवले होते आणि मी हाकुहोच्या झुंजी पाहत बसलो होतो.

मला वाटते, त्या मासिकाची खरी कर्तबगारी हीच. चांगला लेख कुठेही छापता येतो. पण त्याला शेजार मिळावा लागतो. ज्याच्या शोधात आपण आलो नाही तेही तिथे पानात पडते, आणि शेजारच्याने चव घेतली म्हणून आपणही घेतो. पंगतीत जेवणाऱ्याला आणि डबा खाणाऱ्याला अन्न एकच मिळाले, तरी जेवण एक नव्हे.

तिथले सारेच निर्मळ होते असे नाही. 2014 च्या जानेवारीत गोल्फची काठी बनवणाऱ्या एका ट्रान्स स्त्रीवर तिथे लेख आला. जे तिने जपून ठेवले होते ते त्याने चव्हाट्यावर मांडले. आणि लेख प्रसिद्ध होण्यापूर्वीच तिने जीव दिला होता. सिमन्स यांनी पुढे सविस्तर माफी लिहिली. पण जिथे इतकी रसिक माणसे जमली होती, तिथे ते पान वाचून "हे छापू नये" म्हणणारा एकही निघू नये, याचे मला अजून वाईट वाटते.

मग बंद का पडले? श्रीमंताच्या वाड्यात गवई ठेवलेला असावा, तसे हे होते. गवयामुळे वाड्याची शान वाढते. वाड्याचा खर्च काही त्याच्यावर चालत नाही. त्यात सिमन्स तोंडाचे फटकळ. अमेरिकन फुटबॉलच्या प्रमुखाला त्यांनी 2014 साली जाहीरपणे खोटारडा म्हटले. त्याच फुटबॉलच्या प्रक्षेपणावर ईएसपीएनची भिस्त. वाहिनीने त्यांना तीन आठवडे घरी बसवले आणि 2015 च्या मे महिन्यात करार पुढे चालवणार नसल्याचे जाहीर केले. ऑक्टोबरात वाहिनीतल्या सुमारे 300 लोकांच्या नोकऱ्या गेल्या, आणि महिना संपता संपता गवयालाही निरोप मिळाला. अधिक व्यापक परिणाम साधणाऱ्या कामांकडे आपला वेळ व शक्ती वळवायची आहे, अशा अर्थाचे निवेदन निघाले. मी ते वाचून हसलो. पण फार हसण्यात अर्थ नव्हता. हा लेख ज्या पानावर छापला जाईल त्याच्या समोर बहुधा एखाद्या सोन्याच्या पेढीची जाहिरात असेल, आणि ती आहे म्हणून हे पान आहे, हे मलाही ठाऊक आहे.

लेखकांचे काही वाईट झाले नाही. मॉरिस 'न्यूयॉर्क टाइम्स'मध्ये गेले आणि 2021 साली त्यांना दुसरे पुलित्झर मिळाले. सिमन्स यांनी 2016 मध्ये 'द रिंगर' काढले आणि 2020 मध्ये ते स्पॉटिफायला विकले. व्यवहाराच्या दृष्टीने सारे सुखरूप आहेत.

आमचे रविवारचे फोन मात्र आखडले. भाचा अजूनही आठवणीने लेख पाठवतो; एक इथला, एक तिथला. मी वाचतो, आवडला असे कळवतो. पण तो जे पाठवतो तेच मी वाचतो आणि मी पाठवतो ते तो. दोघांनाही न शोधता सापडलेले असे काही आता उरले नाही. मग पुन्हा "जेवलास का?"

2018 साली फिलिप्स यांचे पुस्तक निघाले. त्यात तो सुमोचा लेख आहे. भाच्याने ते मला टपालाने धाडले, आत मराठीत लिहिले होते, 'मामास', आणि त्यातला 'स' जरा वाकडा आला होता. मी आधी तोच लेख काढला. तो तितकाच सुंदर होता. संपल्यावर सवयीने पान उलटले, तर पुढेही फिलिप्सच होते.