प्रत्येकाच्या नावावर एक महिना

माझं माहेर साताऱ्याकडचं. आमच्या भागातल्या अपशिंगे गावाला 'अपशिंगे मिलिटरी' म्हणूनच ओळखतात. पहिल्या महायुद्धात त्या एका गावातले ४६ जवान कामी आले. सैनिक म्हणजे वर्षातून एकदा सुट्टीवर घरी येणारा माणूस, हे मी लहानपणापासून पाहत आलेले. त्यामुळे इथे न्यू जर्सीत माझा नवरा २०१३ साली आर्मी रिझर्व्हमध्ये भरती झाला, तेव्हा आईने फोनवर विचारलं, "महिन्यातनं दोनच दिवस? आणि बाकीचे दिवस काय करणार गं?"

बाकीचे दिवस तो एका गोदामात नोकरी करायचा आणि संध्याकाळी कॉलेजला जायचा. महिन्याचा एक शनिवार-रविवार ड्रिल, उन्हाळ्यात दोन आठवडे सराव. सहा वर्षांचा करार केला म्हणून त्याला शिक्षणासाठी माँटगोमेरी जी.आय. बिलाची मदत लागू झाली. रक्कम छोटी होती. पूर्णवेळ शिकणाऱ्यालासुद्धा तेव्हा महिन्याला चारशे डॉलरच्या आतच मिळायचे, आणि हा तर अर्धवेळ शिकणारा. पुस्तकं आणि गाडीचं पेट्रोल त्यात निघायचं, एवढंच.

मोठी मदत असते ती ९/११ नंतरच्या जी.आय. बिलाची. पण ती ड्रिलच्या दिवसांवर मिळत नाही. प्रत्यक्ष बोलावणं येऊन पूर्णवेळ सेवेत काढलेले दिवस त्यात मोजतात. २०१८ साली त्याला असं बोलावणं आलं आणि तो कुवेतला गेला. अकरा महिने मी दोन वर्षांच्या मुलाला घेऊन एकटी राहिले. तो परत आला तेव्हा बुटांच्या शिवणीत बारीक पिवळी वाळू होती. ब्रशने घासूनही ती निघेना. त्या अकरा महिन्यांवर आमच्या घरातलं पुढचं सगळं शिक्षण उभं आहे, म्हणून ते बूट मी अजून टाकलेले नाहीत.

२०१९ मध्ये करार संपत आला आणि त्याने बाहेर पडायचं ठरवलं. तेव्हा त्याच्या तुकडीतल्या एका वयस्क सार्जंटबाईंनी त्याला अडवलं. वर्दीत सहा वर्षं झालेला माणूस आणखी चार वर्षं राहायला तयार असेल, तर आपला शिक्षणाचा हक्क बायकोच्या किंवा मुलांच्या नावावर करून देऊ शकतो. मात्र हे वर्दीत असतानाच करावं लागतं. बाहेर पडल्यावर कितीही विनवण्या केल्या तरी नवं नाव घालता येत नाही. बाईंच्या स्वतःच्या भावाचा हक्क असाच गेला होता, त्यामुळे त्या पोटतिडकीने सांगत होत्या.

त्या रात्री स्वयंपाकघरातल्या टेबलावर लॅपटॉप उघडून आम्ही अर्ज भरला. एका बाजूला आमची नावं, समोर महिन्यांचे रकाने. एकूण महिने ३६. त्याने माझ्यापुढे ३५ लिहिले आणि मुलापुढे १. बाईंनी बजावलं होतं, प्रत्येकाच्या नावावर निदान एक महिना टाकाच. यादीत नाव असलं की पुढे महिने इकडचे तिकडे करता येतात, नावच नसेल तर काहीच करता येत नाही.

चार वर्षं वाढली. ती त्याने माझ्यासाठी दिली, हे मी विसरणार नाही.

२०२१ मध्ये मला कम्युनिटी कॉलेजात नर्सिंगला प्रवेश मिळाला. हा हक्क वापरण्यासाठी अर्ज केला आणि पहिलंच पत्र आलं ते नकाराचं. कुवेतच्या सेवेचा दाखला संबंधित कार्यालयाच्या फायलीत नव्हता, आणि भरतीनंतरचं सुरुवातीचं प्रशिक्षण एवढ्या कमी सेवेत मोजत नाहीत. म्हणजे त्यांच्या हिशेबी आमची पूर्णवेळ सेवा शून्य! दाखल्याची प्रत आमच्या कपाटात होती, ती पाठवली. उत्तर यायला तीन महिने लागले. पहिल्या सत्राची फी उसनवारीवर भरली. ज्याने वर्ष वाळवंटात काढलं, त्याच्या बायकोला हे सिद्ध करत बसावं लागतं, याचा राग मला आजही येतो.

अखेर ६० टक्के हक्क मान्य झाला. फीचा तेवढा वाटा थेट कॉलेजला, शिवाय घरभाड्यासाठी आणि पुस्तकांसाठी त्याच प्रमाणात माझ्या खात्यात. उरलेल्या ४० टक्क्यांसाठी मी शनिवार-रविवारी वृद्धाश्रमात काम केलं. २०२३ च्या मे महिन्यात पास झाले. आता रात्रपाळीला असते.

मध्ये, २०२२ साली, मुलगी झाली. हॉस्पिटलातून घरी आल्यावर आठवडाभरातच नवऱ्याने लष्कराच्या नोंदीत तिचं नाव घातलं आणि नंतर माझ्या नावावरचा एक महिना काढून तिच्या नावावर टाकला. तो बाहेर पडला २०२४ मध्ये. माझे न वापरलेले महिने आता दोघा मुलांत वाटले आहेत. अठरा पूर्ण झाल्यावर ती वापरतील. सव्विसाव्या वर्षापर्यंत मुदत आहे.

तुमच्या घरात, ओळखीत कुणी रिझर्व्हमध्ये किंवा नॅशनल गार्डमध्ये असेल, तर तो वर्दी उतरवण्याआधी त्याला एकदा विचारा: यादीत सगळ्यांची नावं घातलीस का? आणि बोलावणं येऊन गेल्याचा दाखला घरात जपून ठेवा, दोन प्रती काढून.