नाण्यावर कुणाची भाषा?

बर्नच्या स्टेशनवर कॉफी घेतली आणि सुट्ट्या पैशांत पाच फ्रँकचं जाडजूड नाणं हाती आलं. त्यावर लिहिलेलं, 'कॉन्फेडेराशिओ हेल्व्हेटिका'. हे जर्मन की फ्रेंच? दोन्ही नाही, चक्क लॅटिन! अर्थ, स्विस संघराज्य. इथल्या गाड्यांवरचं 'सीएच' म्हणजे त्याचीच आद्याक्षरं. नाण्याच्या कडेवर आणखी दोन शब्द, 'डोमिनुस प्रोव्हिडेबिट'. म्हणजे देव पाहून घेईल.

जर्मन, फ्रेंच, इटालियन आणि रोमान्श अशा इथे ४ राष्ट्रीय भाषा. नोटेवर चारही मावतात, पण एवढ्याशा नाण्यावर कशा मावणार? मग घ्या कुणाचीच नसलेली भाषा, रुसवेफुगवेच नकोत! संसदेच्या घुमटातही लॅटिनच: 'सर्वांसाठी एक, एकासाठी सर्व'.

आयडिया भारी आहे, पण मला जरा चुटपुट लागली. भांडण मिटलं खरं, पण नाण्यावर मायबोली कुणाचीच नाही. पाकिटातून आपली शंभराची नोट काढली. हिंदी-इंग्रजी सोडून १५ भाषांची ती चिमुकली यादी. मल्याळम आणि नेपाळीच्या मधे दाटीवाटीनं उभं असलेलं 'शंभर रुपये'.

इतक्या वर्षांत मी ती ओळ पहिल्यांदाच नीट वाचली, तीही बर्नमध्ये. तुम्ही कधी वाचलीय?