उजेडाचें वेळापत्रक

पन्नाशी उलटल्यावर माणसानें नवा नाद लावून घेऊं नये, म्हणतात. आम्हीं मात्र कॅमेरा घेतला, आणि रेवसपासून वेंगुर्ल्यापर्यंत किनाऱ्याकिनाऱ्यानें मोटार हांकीत एकट्यानेंच जाण्याचा बेत आंखला. ‘आम्हीं’ म्हणतों खरे. पण सोबत दुसरें कोणीहि नाहीं.

बेत अध्यापकी वळणाचा झाला : रोज दोन किल्ले, एक देऊळ, प्रत्येकास पाऊण तास. पुरा झाल्यावर ध्यानांत आलें, कीं त्यांत अंतरें होतीं, मुक्काम होते. उजेड तेवढा नव्हता. कोंकणचा समुद्र पश्चिमेस. हर्णैहून सुवर्णदुर्ग पाहावा, तर सकाळचें ऊन आपल्या पाठीमागून तटावर पडतें व दगड न् दगड उठून दिसतो. सायंकाळीं सूर्य दुर्गाच्या मागें उतरतो, आणि चित्रांत नुसती काळी आकृति उरते. ओहोटीच्या ओल्या वाळूंत आकाश उमटतें. पण ती वेळ रोज सुमारें ५० मिनिटें पुढें सरकते. दाभोळची खाडी उतरावयाची, तर फेरीबोटीची वाट पाहणें आलें.

पूर्वीं मुलांना घेऊन याच किनाऱ्यावर आलों, तेव्हां ‘चला, उशीर होतो’ म्हणणारे आम्हीच होतों. वर्गांत कवींचा समुद्र वर्षानुवर्षें शिकविला. खऱ्या समुद्रापुढें तासभरहि स्वस्थ उभे राहिलों नाहीं.

आतां निम्मे किल्ले खोडले आहेत. हर्णैस दोन मुक्काम वाढविले आहेत. तो घाई करणारा गृहस्थ तेवढा घरीं कसा ठेवावा, हें अद्याप ठरावयाचें आहे.