शेवटचा भाग, पण खरंच शेवटचा?

आमच्या घरी भुताखेतांचे सिनेमे कधी बघितलेच जात नव्हते. सासरेबुवांना, म्हणजे अण्णांना, ते अजिबात खपत नसत. "ज्याच्या दारावरून रोज 'राम नाम सत्य है' जातं, त्याला पैसे देऊन घाबरायची काय गरज?" असं ते म्हणत. ब्रह्माघाटाजवळच्या गल्लीत या घराण्याच्या कितीतरी पिढ्या गेल्या. मी साताऱ्याहून लग्न होऊन इथे आले तेव्हा रामसे बंधूंचा 'पुराना मंदिर' मैत्रिणींबरोबर पाहून महिनाभर दिवा लावून झोपलेली मुलगी होते. काशीने ती भीती वर्षभरात घालवली. दूधवाला, सांड, शाळेची पोरं आणि तिरडी, सगळे एकाच बोळातून एकमेकांना वाट देत जातात. घाबरायला वेळ कुणाला असतो?

म्हणूनच, अण्णा गेल्यानंतर आमच्या चिरंजीवांना खुनाखुनीच्या सिनेमांचं वेड लागलं, तेव्हा मला नवल वाटलं. मुलगा विश्वविद्यालयात पहिल्या वर्षाला. अभ्यासात बरा, स्वभावाने अबोल. रात्री दार लावून 'हॅलोवीन' नावाच्या अमेरिकन मालिकेतला एकेक भाग बघायचा. एक नाही, दोन नाही, तेरा भाग! पहिला १९७८ चा, तेरावा २०२२ चा. मी रागावले, मग समजूत घातली, मग गप्प बसले. शेवटी दिवाळीच्या सुट्टीत तोच म्हणाला, "आई, शेवटचा भाग राहिलाय. बसतेस का माझ्याबरोबर?"

मी बसले. फराळाचा डबाही घेऊन बसले.

आधी त्याने मला मागची कथा सांगितली. मायकेल मायर्स नावाचा पांढरा मुखवटा घातलेला माणूस हातात सुरा घेऊन चालत येतो. धावत नाही, बोलत नाही. (तो मुखवटा म्हणे 'स्टार ट्रेक'मधल्या कॅप्टन कर्कचा. बाजारात मिळणारा स्वस्तातला मुखवटा आणून त्याला पांढरा रंग फासला होता. पैशाची तंगी असली की माणसाला सुचतं ते असं.) लॉरी नावाची मुलगी त्याच्या तावडीतून वाचते. हे काम करणारी जेमी ली कर्टिस म्हणजे हिचकॉकच्या 'सायको'मध्ये न्हाणीघरात मारल्या गेलेल्या जॅनेट लीची मुलगी. हे ऐकून मला उगीचच आपलेपणा वाटला.

"मग तो मरतो कधी?" मी विचारलं.

"मरतोच गं. पण परत येतो."

म्हणजे बघा, १९८१ मध्ये त्याला जाळला, १९८८ मध्ये तो हजर. १९९८ मध्ये लॉरीने कुऱ्हाडीने त्याचं मुंडकं उडवलं, तर २००२ च्या भागात सांगितलं की तो मायकेल नव्हताच, त्याचा मुखवटा चढवलेला भलताच माणूस होता! २०१८ मध्ये तर पहिला सोडून बाकीचे सगळे भाग घडलेच नाहीत असं ठरवून टाकलं. आता बोला! आमच्याकडे श्राद्धपक्षाला पितरही इतक्यांदा येत नाहीत.

आता शेवटच्या भागाबद्दल. तुम्ही म्हणाल, या बाईला त्यातलं काय कळतं? पण मला वाटलं ते सांगते. अर्ध्याहून अधिक सिनेमा मायकेलचा नाहीच. तो आहे कोरी नावाच्या एका पोराचा. मूल सांभाळायला गेलेला असताना त्याच्या हातून अपघाताने ते मूल जिन्यावरून पडून मरतं. कोर्ट त्याला सोडतं, गाव सोडत नाही. जाईल तिथे टोमणे, मारहाण. होता होता तो गावाने ठरवलं तसाच होतो. मुलगा म्हणाला, "याच्यामुळेच सगळे चिडले. मायकेलला बघायला आलो आणि हा कोण?" मला मात्र सिनेमाचा तोच भाग खरा वाटला. सुरेवाल्या मुखवट्यापेक्षा दुकानात वळून बघणाऱ्या बायकांची भीती मला जास्त वाटली. फक्त त्या पोराला इतक्या झटपट खुनी करायला नको होतं. तिथे लेखकांनी घाई केली.

शेवट मात्र विचित्र आहे. लॉरी आपल्या स्वयंपाकघरात मायकेलला मारते. तेवढ्याने कुणाचं समाधान होत नाही. प्रेत गाडीच्या टपावर बांधतात आणि सगळं गाव मागून निघतं. भंगारच्या आवारात लोखंड चिरडणारं यंत्र असतं, त्यात लॉरी त्याला ढकलते. मी तर चकलीचा तुकडा हातात धरून बघतच राहिले. अरे, ही तर अंत्ययात्रा! रडणं नाही, मंत्र नाही, पण सगळ्या गावाने येऊन डोळ्यांनी बघायचं की हा गेला. चव्वेचाळीस वर्षांत एवढी एकच गोष्ट त्यांनी नीट केली, असं मी म्हणाले.

पण शेवटी लॉरीच्या घरात टेबलावर तो मुखवटा दिसतो आणि सिनेमा संपतो.

"हे चुकलं हं," मी ठसक्यात म्हटलं. "एवढं सगळं केलं आणि मुखवटा घरात? आपल्याकडे चिता शांत झाली की गंगेचं मडकं खांद्यावरून मागे टाकायचं आणि वळून न पाहता निघायचं. वळून पाहिलं की संपलं सगळं."

मुलगा काहीच बोलला नाही. टीव्ही बंद केला तरी रिमोट हातातच.

"आई, मी पाहिलं होतं."

"काय?"

"मणिकर्णिकेवर. बाबांनी मडकं टाकलं, सगळे निघाले. सिंधिया घाटाच्या पायऱ्यांपाशी मी वळून पाहिलं."

पौषातल्या त्या पहाटे मी घरीच होते. आमच्या घरच्या बायका घाटावर जात नाहीत. साताऱ्याकडे मडक्याला भोक पाडून चितेभोवती फिरतात, इथली रीत वेगळी, एवढंच मला ऐकून माहीत. दहा महिने हे पोर मनात काय घेऊन हिंडत होतं, आणि मी त्याला परीक्षेच्या गोष्टी सांगत होते! वळून पाहिलं की संपलं, हे माझंच वाक्य तोंडात कडू झालं. काय बोलावं सुचेना.

तेवढ्यात आतून हे आले. सगळं ऐकलं असावं. पलंगावर बसले, डब्यातली चकली घेतली.

"मीही पाहिलं होतं," हे म्हणाले. "मडकं फुटल्याचा आवाजच आला नाही रे. म्हटलं, नीट फुटलं की नाही?"

"मग? फुटलं होतं?"

"नाही. वाळूत रुतून बसलं होतं. एका पोराने उचलून नेलं."

मुलगा आधी बघत राहिला, मग हसायला लागला. हसता हसता त्याचे डोळे भरून आले. मी पदर पुढे केला तर म्हणतो, "आई, तुपाचा वास येतोय त्याला."

ह्यांनी दुसरी चकली उचलली. "तेरावा बघितलात ना? आता पहिला लावा," म्हणाले. "मला मधलं काही कळणार नाही."