मुनाबाव : नात्यांच्या वाटेवरचे स्टेशन

राजस्थानच्या बाडमेर जिल्ह्यात, पाकिस्तानच्या सीमेला लागून मुनाबाव हे आपल्या बाजूचे शेवटचे रेल्वे स्टेशन आहे. जोधपूरहून बाडमेर सुमारे २०० किलोमीटर. तेथून मुनाबावला जाणारी पॅसेंजर गडरा रोडमार्गे वाळवंट कापत जाते. वाळूच्या टेकड्या, खेजडीची झाडे आणि मधूनच एखादी ढाणी, एवढेच खिडकीतून दिसते. गाव चिमुकले, पण स्टेशनात पासपोर्ट आणि कस्टम तपासणीची मोठी व्यवस्था आहे.

विसाव्या शतकाच्या सुरुवातीला जोधपूर संस्थानची मीटरगेज रेल्वे या वाटेने सिंधमधील मीरपूर खास व हैदराबादशी जोडली गेली. तेव्हा इथे सीमा नव्हती. एका गावची लेक दुसऱ्या गावची सून होई, आणि सणासुदीला माहेरी यायला रेल्वेचे साधे तिकीट पुरे.

१९४७ साली फाळणी झाली. सिंधमधील हिंदू कुटुंबे याच रुळांवरून जोधपूरकडे आली. उत्तर प्रदेश, मुंबई, हैदराबाद संस्थान अशा दूरदूरच्या ठिकाणांहून निघालेले अनेक मुस्लिम याच वाटेने सिंधला गेले. पलीकडचे पहिले स्टेशन खोखरापार. आपल्याकडच्या ज्या घरांतले कोणी तेव्हा कराचीला गेले, तिथल्या बुजुर्गांच्या तोंडी हे नाव असे. १९४८ मध्ये परमिट आले, १९५२ मध्ये पासपोर्ट आणि व्हिसा आला. जाणे-येणे अवघड झाले, तरी गाडी चालू होती.

१९६५ च्या युद्धाने तीही थांबली. त्या वेळी गडरा रोडजवळ बॉम्बवर्षावात कर्तव्य बजावताना रेल्वे कर्मचारी शहीद झाले. दरवर्षी ९ सप्टेंबरला तिथे त्यांना आदरांजली वाहिली जाते.

पुढची ४१ वर्षे वाट बंद राहिली. अखेर दोन्ही बाजूंनी ब्रॉडगेज रूळ टाकले गेले आणि १८ फेब्रुवारी २००६ रोजी थार एक्सप्रेस सुरू झाली. जोधपूरच्या भगत की कोठी स्टेशनातून आठवड्यातून एकदा ती निघे. सीमेवर गाडी बदलून प्रवासी कराचीकडे जात. त्यांत मुस्लिम होते, तसे सोढा राजपूतही होते. सोढांमध्ये आपल्याच कुळात लग्न होत नाही. त्यामुळे उमरकोटच्या सोढांची सोयरीक राजस्थानात जुळते.

२०१८ साली सिंधहून नातेवाइकांना भेटायला आलेल्या एका वृद्ध मुस्लिम स्त्रीचा बाडमेर भागात इंतकाल झाला. तिची मय्यत मायभूमीत नेता यावी म्हणून दोन्ही सरकारांनी परवानगी दिली आणि मुनाबावचे बंद फाटक खास उघडले गेले. माणुसकीसाठी लोखंडी फाटकही उघडते, हे त्या दिवशी दिसले.

ऑगस्ट २०१९ मध्ये थार एक्सप्रेस पुन्हा बंद झाली. मग पंजाबातील अटारीचा लांबचा वळसा उरला. एप्रिल २०२५ मध्ये तोही रस्ता बंद झाला. देशाची सुरक्षा महत्त्वाची आहे, यात वाद नाही. पण माहेर पलीकडे असलेल्या बहिणीला आज आईच्या मातीलाही जाता येत नाही, हेही तितकेच खरे.

सिला रहमी, म्हणजे रक्ताची नाती जोडून ठेवणे, ही इस्लामची ठळक शिकवण आहे. मुनाबावच्या लोकांच्या हाती गाडी सोडणे नाही. ते फोनवर सलाम करतात आणि दुआ मागतात. आपल्या मामूच्या, फूफीच्या गावाला मात्र रोज एसटी सुटते. तिथे ना व्हिसा लागतो, ना फाटक आडवे येते. तरीही कित्येक घरांत जमिनीच्या तुकड्यावरून किंवा लग्नातल्या मानापानावरून वर्षानुवर्षे अबोला असतो. ही सीमा आपणच आखलेली आहे आणि ती पुसणे आपल्याच हाती आहे.