जो ओरडत नाही, तो आधी

वळवाचा पाऊस सुरू होतो, शेतातल्या झाडाखाली चारपाच माणसं आडोशाला उभी राहतात, वीज पडते आणि सगळी एकदम कोसळतात. धावत पोचलेल्यानं आधी कुणाकडे जायचं? एकीचा हात भाजलाय, ती ओरडते आहे. एकाला काही ऐकू येत नाहीये, तो भांबावून उठून बसलाय. आणि एकजण निपचित पडलाय. श्वास नाही, नाडी लागत नाही. इमारत कोसळते किंवा रेल्वेचा मोठा अपघात होतो तेव्हा अशा निपचित माणसाला मागे ठेवावं लागतं, कारण मदतीचे हात थोडे असतात आणि इतरांच्या वाचण्याची शक्यता जास्त असते. विजेच्या बाबतीत हाच नियम उलटा होतो. ओरडणारी बाई बहुधा वाचणारच असते. निपचित माणसाचं थांबलेलं हृदय पुष्कळदा आपणहून पुन्हा धडधडू लागतं, पण श्वास मात्र त्यानंतरही बराच वेळ बंद राहतो. तेवढा वेळ कुणी त्याची छाती दाबली, तोंडानं श्वास दिला, तर मेला असं वाटलेला माणूस परत येऊ शकतो. आणि त्याच्या अंगात वीज साठून राहिलेली नसते, शिवायला भिण्याचं काही कारण नाही. ही भीती गावोगाव आहे आणि तिच्यापायी मोलाची मिनिटं जातात.

ऊन, वीज, विंचू, साप यांच्या रुग्णांमध्ये वर्षं काढलेल्या डॉक्टरला हा उलटा नियम पुन्हा पुन्हा भेटतो. नातेवाईकांची गर्दी, रडारड, आरडाओरडा जिथं असतो तिथं नजर आपोआप जाते. खरा धोका बरेचदा शेजारच्या बाकावर गप्प बसलेला असतो.

कोकणातला लाल विंचू हे याचं सगळ्यात ठळक उदाहरण. एप्रिल-मे म्हणजे शाकारणीचे, पातेरा गोळा करण्याचे, पेंढा हलवण्याचे दिवस. जांभ्याच्या गडग्यांतून, कौलांखालून, लाकडांच्या ढिगाऱ्यातून हा लहानसा तांबूस विंचू निघतो. नांगी लागली की काही जण अक्षरशः गडाबडा लोळतात. ठणका खांद्यापर्यंत चढतो, घर डोक्यावर घेतलं जातं, विंचू उतरवणाऱ्याला बोलावणं जातं. हा रुग्ण एका दिवसात बरा होतो, मंत्र म्हटला तरी आणि नाही म्हटला तरी. म्हणून तर मंत्राची कीर्ती टिकून राहिली. दुसऱ्याला मात्र दंशाच्या जागी फारसं दुखतच नाही. त्याला दोनचार उलट्या होतात, दरदरून घाम फुटतो, तोंडाला लाळ सुटते आणि हातपाय गार पडतात. घरचे म्हणतात, याला विशेष काही झालं नाही. पूर्वी कोकणात दगावत ती मुलं बहुतांशी या दुसऱ्या गटातली.

डॉ. हिंमतराव बावस्कर १९७६ साली महाड तालुक्यातल्या बिरवाडीच्या प्राथमिक आरोग्य केंद्रात रुजू झाले तेव्हा विंचवाच्या विषानं हृदय कसं कोसळतं, याबद्दल पाठ्यपुस्तकांत फारसं काही सापडत नव्हतं. अतिदक्षता विभाग नव्हता. त्यांनी रुग्णांच्या उशाशी बसून नोंदी ठेवल्या: कुणाला काय झालं, कोणत्या क्रमानं झालं, कोण वाचलं. त्या नोंदींतून हृदय खचण्याआधी शरीर कोणत्या खुणा देतं ते उलगडलं आणि १९८२ साली तो निबंध ‘लॅन्सेट’मध्ये छापून आला. उलट्या, घाम, गार हातपाय आणि मुलग्यांमध्ये शिश्नाला आलेली ताठरता. ही शेवटची खूण आईबाप लाजेनं सांगत नाहीत. डॉक्टरनं पांघरूण बाजूला करून स्वतः पाहावी लागते. पंधरा सेकंदांचं काम, पण ते न झाल्यामुळे रुग्ण दुखण्याचं इंजेक्शन घेऊन घरी परत गेलेला असू शकतो.

आत काय घडतं ते समजलं की उपचाराची दिशा उघड होते. लाल विंचवाचं विष मज्जातंतूंमधले सोडियमचे मार्ग उघडेच ठेवतं. त्यामुळे अॅड्रिनलिनच्या जातीच्या रसायनांचा शरीरात पूर येतो आणि सगळ्या रक्तवाहिन्या आवळल्या जातात. नळाची तोटी बंद असताना पंप चालू ठेवावा तशी हृदयाची गत होते. थोड्या वेळानं ते दमतं, फुफ्फुसांत पाणी साचतं, तोंडाला गुलाबी फेस येतो. अशा वेळी सवयीनं सलाइन भराभर चढवलं तर हे पाणी वाढतंच. स्टेरॉइडचा उपयोग नाही. घाम आणि लाळ पाहून अॅट्रोपिन दिलं, तर आधीच उधळलेलं हृदय आणखी उधळतं.

बावस्करांनी निवडलं ते प्राझोसिन, रक्तदाबाच्या रुग्णांना देतात ती साधी गोळी. ती नेमक्या त्या आवळलेल्या रक्तवाहिन्या सैल करते. १९८६ साली ‘लॅन्सेट’नं हाही अनुभव छापला. मात्रा वजनानुसार, किलोला ३० मायक्रोग्रॅम, आणि गरजेप्रमाणे दर तीन तासांनी पुन्हा. गोळी दिल्यावर रुग्णाला आडवंच ठेवायचं, कारण पहिल्या मात्रेनंतर उठून बसवलं तर रक्तदाब एकदम उतरतो. आई लेकराला मांडीवर उभं धरते, तिला हे समजावून सांगावंच लागतं. औषध कधी थांबवायचं याची खूण तर अशी आहे की तिला कोणतंही यंत्र लागत नाही: हातपाय कोरडे आणि ऊबदार झाले की थांबायचं. परिचारिकेनं तळहात रुग्णाच्या पावलाला लावून ठरवायची ही गोष्ट आहे. गंभीर रुग्णांपैकी शंभरातले तीस-चाळीस जात, ते प्रमाण या गोळीनंतर एकदोनवर आलं. पुढे विंचवावरची लसही आली, आणि २०११ साली ‘ब्रिटिश मेडिकल जर्नल’मध्ये आलेल्या बावस्करांच्याच अभ्यासात लस आणि प्राझोसिन दोन्ही मिळालेले रुग्ण नुसत्या प्राझोसिनवाल्यांपेक्षा लवकर सावरलेले दिसले. २०२२ मध्ये त्यांना पद्मश्री मिळाली. मराठी मुलखातल्या एका आरोग्य केंद्रात, निरीक्षणाच्या बळावर झालेलं हे काम वैद्यकाच्या प्रत्येक विद्यार्थ्याला पहिल्या वर्षापासून माहीत असायला हवं.

मण्यारीचा दंश याहूनही शांत असतो.

पावसाळ्यात जमिनीवर झोपलेल्या माणसाला मण्यार रात्री चावते. तिचे दात इतके बारीक की खूण दिसेलच असं नाही. सूज नाही, दुखणं जवळपास नाही. बरेचदा झोपही मोडत नाही. पहाटे पोटात कळ येते, उलटी होते. घरचे आदल्या रात्रीच्या जेवणाला दोष देतात, आणि दवाखान्यात पित्ताचं औषध मिळून रुग्ण घरी येऊ शकतो. खरं उत्तर पापण्यांत असतं. रुग्णाला मान न हलवता वर बघायला सांगावं. पापण्या अर्ध्यावर अडखळतात. एका श्वासात आकडे मोजायला सांगावेत. सकाळी सहा वाजता तो वीसपर्यंत गेला आणि साडेसहाला बारावरच थांबला, तर श्वासाचे स्नायू हरत चालले आहेत. मान उचलता येत नाही, आवाज नाकातून येतो, थुंकी गिळवत नाही. पावसाळ्यातल्या पहाटे पोटदुखी घेऊन आलेल्या, जमिनीवर झोपणाऱ्या प्रत्येकाच्या पापण्या पाहिल्याच पाहिजेत, असं या भागात काम केलेली डॉक्टरमंडळी नव्या डॉक्टरांना बजावतात ते यासाठी.

आपल्याकडची सर्पविषावरची लस नाग, मण्यार, घोणस आणि फुरसं या चौघांच्या विषावर एकत्रच चालते, आणि ती लहान मुलालाही मोठ्या माणसाइतकीच द्यायची, कारण सापानं सोडलेलं विष मुलाच्या वजनाप्रमाणे कमी होत नाही. पण मण्यारीचं विष मज्जातंतूंच्या टोकांना इजा करून बसलं की लस ती इजा भरून काढू शकत नाही. टोकं नव्यानं तयार होईपर्यंत, म्हणजे कधी कित्येक दिवस, श्वास बाहेरूनच द्यावा लागतो. व्हेंटिलेटर नसेल तर हातातला अंबू फुगा दाबत राहायचं, माणसं बदलत, जिल्ह्याचं रुग्णालय येईपर्यंत. या अवस्थेत रुग्णाच्या बाहुल्या विस्फारून स्थिर होऊ शकतात, बोट हलत नाही, आणि पाहणाऱ्याला वाटतं की मेंदूच गेला. प्रत्यक्षात तो पूर्ण शुद्धीवर असू शकतो, खोलीतलं प्रत्येक वाक्य ऐकत. म्हणून जाणती परिचारिका फुगा दाबताना त्याच्याशी बोलत राहते: तुम्ही बरे होणार आहात, मुलगा बाहेर बसलाय, आता नळी साफ करते, थोडा त्रास होईल. हा उपचाराचाच भाग आहे.

घोणस आणि फुरशाच्या दंशात बघायचं असतं रक्त. दोन मिलीलीटर रक्त कोरड्या, स्वच्छ काचेच्या नळीत घ्यायचं, न हलवता वीस मिनिटं ठेवायचं, मग नळी एकदाच तिरकी करायची. गुठळी झाली नसेल तर विष चढलं आहे. नळी काचेचीच हवी. प्लॅस्टिकमध्ये चांगलं रक्तही नीट गोठत नाही आणि सगळा निकाल चुकतो. कडुलिंबाचा पाला चावायला देऊन तो कडू लागतो का हे पाहणं, मारुतीच्या देवळात नेऊन बसवणं, आवळून दोरी बांधणं यांत या वीस मिनिटांच्या कितीतरी पट वेळ निघून जातो. विष न सोडताच साप बरेचदा चावतो, हे त्या पाल्याच्या यशाचं खरं कारण. २००० ते २०१९ या काळात भारतात सर्पदंशानं वर्षाला सरासरी ५८ हजार माणसं गेली, असा अंदाज देशव्यापी मृत्यू-अभ्यासातून निघाला आहे.

उष्माघाताबद्दलचा गैरसमज शहरातही तितकाच आहे. १६ एप्रिल २०२३ रोजी खारघरच्या मोकळ्या मैदानात महाराष्ट्र भूषण पुरस्काराचा सोहळा झाला आणि उन्हात तासन्‌तास बसलेल्यांपैकी १४ जण दगावले. पारा ३८ अंशांच्या आसपास होता. चंद्रपूरकर याला ऊनही म्हणणार नाही. पण किनाऱ्याच्या दमट हवेत घाम वाळत नाही आणि शरीराची उष्णता आतच कोंडते. घाम थांबून कातडी कोरडी पडली म्हणजेच उष्माघात, असं अजूनही सांगितलं जातं. म्हाताऱ्या माणसाच्या बाबतीत ते बरेचदा खरं असतं. वीटभट्टीवरचा तरुण मजूर किंवा भरतीसाठी धावणारा मुलगा मात्र घामानं निथळत असतानाच उष्माघातात गेलेला असू शकतो. त्याच्या बोलण्याकडे लक्ष द्यावं. गावाचं नाव चुकतं, वार सांगता येत नाही, तो उगाच चिडतो किंवा एकाएकी गप्प होतो. अंग तापलेलं असताना भान हरपलं, की थर्मामीटर शोधत बसू नये. काखेतला आकडा अशा वेळी फसवतोही.

इथं उपचाराचा क्रम महत्त्वाचा. आधी गार करायचं, मग न्यायचं. रुग्णवाहिका येईपर्यंत वाट बघत सावलीत झोपवून ठेवणं पुरेसं नाही. कपडे काढून जनावरांच्या पाण्याच्या टाकीत, गळ्यापर्यंत, डोकं धरून ठेवून बुडवावं. टाकी नसेल तर बादल्या ओताव्यात आणि जोरानं वारा घालावा. पहिल्या अर्ध्या तासात ताप ३९ पर्यंत उतरवता आला तर मेंदू, यकृत, मूत्रपिंड वाचण्याची आशा पुष्कळ. पॅरासिटामॉल देऊ नये. हा संसर्गाचा ताप नव्हे आणि त्या गोळीचा भार आधीच होरपळलेल्या यकृतावर पडतो. शुद्ध हरपलेल्याच्या तोंडात पन्हं किंवा पाणी ओतलं तर ते फुफ्फुसात जातं. पन्हं प्यावं ते उन्हात निघण्याआधी, आणि भरपूर.

२०२४ मध्ये केंद्र सरकारनं सर्पदंशावरचा राष्ट्रीय कृती आराखडा जाहीर केला आणि प्रत्येक दंशाची नोंद सक्तीची करा असं राज्यांना कळवलं. नोंद हवीच. पण मे महिन्यात आरोग्य केंद्राचं कपाट उघडल्यावर लसीच्या कुप्यांशेजारी काचेच्या चार कोरड्या नळ्या, प्राझोसिनची एक पट्टी, लहान आणि मोठा असे दोन अंबू फुगे आणि बर्फ ठेवायचा डबा असायला हवा. यांतलं काहीही महाग नाही. आणि पहिल्या पावसाआधीच्या आशाताईंच्या बैठकीत तक्ते दाखवण्याऐवजी त्यांना एकमेकींचे हातपाय चाचपायला, पापण्या बघायला, एका श्वासात आकडे मोजून घ्यायला लावावं. अर्ध्या दिवसात हे शिकून होतं. सरावासाठी दरवर्षी तोच अर्धा दिवस पुन्हा द्यावा लागतो, आणि तो सध्या फार थोड्या ठिकाणी दिला जातो.